पिसाचा गळ

सिंगापूरला चांगीच्या किनाऱ्यावर एक चिनी अंकल दर रविवारी सकाळी गुडघाभर पाण्यात उभे असत. नाव मी कधी विचारलं नाही. आमिष म्हणून गळाला नुसतं कोंबडीचं पीस. दोरी डोक्यामागे लांब सोडायची, क्षणभर थांबायचं आणि मगच पुढे फेकायची. त्या क्षणात ते चक्क डोळे मिटत.

माझा जुना भागीदार, माझ्यासारखाच अलिबागचा, माझी गिऱ्हाइकं घेऊन वेगळा झाला आणि वर मला स्वतः पकडलेल्या माशांचे फोटो पाठवू लागला. त्याची जिरवायची म्हणून मीही गळ घेतला. पण चार रविवार माझी दोरी चाबकासारखी वाजायची आणि पीस तुटून जायचं.

शेवटी अंकलना म्हणालो, "तुमचं पीस विका. बोला, किती?"

"विकायचं नाही, लाह," ते सिंगापुरी ढंगात म्हणाले. "तुझं पीस चांगलंच आहे. मागची दोरी सरळ व्हायच्या आत तू पुढे भांडायला धावतोस."

डोकं सणकलं. तरी थांबून फेकलं, आणि लागला की जिताडा! चांगला हातभर! मी फोन काढेपर्यंत अंकलनी हात ओले करून गळ सोडवला आणि स्वतःचे मासे सोडतात तसाच तोही पाण्यात सोडला.

"अहो, फोटो!"

"तू पाहिलास ना?"

चडफडत तिथूनच भागीदाराला फोन लावला. तो म्हणाला, "हातभर? वीतभर असेल रे!"

वेगळे झाल्यापासून दोन वर्षांनी आमची घासाघीस पुन्हा सुरू झाली. मी एक बोटही कमी केलं नाही, पण फोनही ठेवला नाही.