कातडं नसलेला बाजा

आमच्या घरात ढोलकी नव्हती, तबला नव्हता, साधी खंजिरीसुद्धा नव्हती. कातड्याचं वाद्य उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, हा अण्णांचा कायदा. अण्णा म्हणजे माझे वडील. गावाचं डफडं वाजवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे होतं. लग्न कुणाचंही असो, पोळ्याचे बैल कुणाचेही असोत, पुढे वाजवत आम्ही चालायचं आणि पंगत बसली की उकिरड्याच्या कडेला आम्ही थांबायचं. बौद्ध झाल्यावर अण्णांनी आपल्या हातानं डफडं फोडलं आणि थोरल्या पाटलाच्या दारात जाऊन सांगितलं, आजपासून वाजवणार नाही. त्यानंतर त्यांनी बोटानं टेबलावर साधा ताल धरलेलाही मी पाहिला नाही.

माझा भाऊ, दादा, परभणीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. तिथून त्यानं एक जुना विजेचा कीबोर्ड आणला. अण्णांनी तो उलटापालटा करून पाहिला. दादा म्हणाला, "यात कातडं न्हाई अण्णा. नुसत्या वायरी हायत." अण्णा म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या."

तो बाजा मुळात गोड होता. बटण दाबलं की ठेका आपोआप सुरू व्हायचा, वर सिनेमाची गाणी वाजवा. दादानं पाठीमागचे स्क्रू काढले आणि जोडू नयेत त्या वायरी जोडल्या. मग त्यातून खडा अडकलेल्या गिरणीसारखा आवाज येऊ लागला. सायरनचं एक बटण होतं, ते दाबलं की म्हातारी माणसं कान झाकायची. दुसरं वाद्य आमच्या घराचा पत्रा. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडाभर पेटापेटी झाली तेव्हा आमचं घर जाळलं होतं. आमच्या वस्तीतल्या एकानंही तोवर विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, तरी जळालो आम्ही. छपराचा एक पत्रा काळा होऊन उरला. दादा तो टांगून लोखंडी गजानं बडवायचा आणि मी माइक धरून गायचे. गायचे म्हणणं जास्त झालं, मी ओरडायचे. "घर जाळलं, पत्रा उरला, आता पत्रा बोलंल." एवढंच माझं गाणं. जयंतीला आमच्या लोकांनी ते तोंड मिटून ऐकलं, बायका रडल्या, आणि एका म्हाताऱ्यानं मला जवळ घेतलं.

त्या उन्हाळ्यात पाटलाच्या मुलाचं लग्न निघालं. थोरला पाटील केव्हाच गेला होता, आता त्याचा मुलगा पाटील. सुंभ जळाला तरी पीळ तोच. त्याचा गडी आमच्या दारात आला, पायरीखालीच थांबला आणि म्हणाला, "परवा वरातीला तुमचा त्यो बाजा घिऊन या. मालकानं सांगितलंय."

दादा म्हणाला, "आमी वाजंत्री न्हाई."

"न्हाई कसं? वाजवणं काय तुमाला नवं हाय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णांनी फोडलं ते डफडं यांच्या लेखी फुटलंच नव्हतं, फक्त कातड्याच्या जागी वायर आली होती. दादाला मी म्हटलं, जाऊ. त्यांना आपलं गाणं ऐकायचंय ना, तर तेच ऐकवू. तोंडावर ऐकवू. निघालो तेव्हा अण्णा खांद्यावर उपरणं टाकून मागून आलेच.

दिवेलागणीला आम्ही वेशीबाहेर पोचलो. बैलगाडीवर कर्णा बांधला, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ॲम्प्लिफायर लावला. नवरी जीपमध्ये बसलेली. नवरीला वाजतगाजत वेशीतून आत घ्यायचं ही आमच्याकडची रीत, वाजंत्र्याशिवाय फक्त मयत जाते. दादानं बटण दाबलं. ठेका सगळ्यात जोरात केला, सायरन सोडला, आणि मी माइक कर्ण्याच्या तोंडाशी नेला. कर्ण्यानं अशी किंकाळी फोडली की गाडीचे बैल दाव्याला हिसके देऊ लागले. दादा पत्रा बडवत होता. मी पाटलाकडे बघून ओरडले, घर जाळलं, पत्रा उरला.

आणि ते नाचायला लागले.

पाटलाचे पुतणे, नवरदेवाचे दोस्त, परभणीहून आलेली कॉलेजची पोरं. तोंडात रुमाल धरून, फेटे उडवून नाचत होते. "लय भारी! अजून जोरात!" मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी शब्द सावकाश, एकेक तोडून म्हटले. त्यांनी माझ्यामागून तेच शब्द म्हटले, हसत. ज्यांच्या घरातल्या माणसांनी आग लावली त्यांची पोरं आमच्या राखेवर नाचत होती, आणि ठेका आम्हीच धरून दिला होता. नवरदेवाच्या चुलतभावानं एक नोट पत्र्यावर चिकटवली.

इतका राग मला घर जळताना आला नव्हता. तेव्हा भीतीच जास्त होती. मी बॅटरीची वायर ओढली आणि दादाच्या हातातला गज धरला.

एकदम सगळं थांबलं. पाय हवेत तसेच राहिले काही जणांचे.

"काय झालं? बिघडलं का?" पाटलानं विचारलं.

"बिघडलं न्हाई," मी म्हटलं. "बंद केलंय."

"आगं पोरी, नवरी वेशीत थांबलीया. तुझ्या बापजाद्यानं कधी वाजवायला न्हाई म्हणलं न्हाई."

मागून अण्णांचा आवाज आला. "म्या म्हणलं होतं. तुमच्या वडलाला. तुमी तवा तिथंच उभे होते."

पाटलानं हात उगारला असता. पण नवरीकडचे पाहुणे बघत होते आणि व्याह्यांसमोर शोभा नको होती. जीप थांबलेली, वेस समोर, आणि मुकी वरात काही आत जाऊ शकत नव्हती. व्याही घड्याळ बघू लागले. शेवटी पाटलाच्या धाकट्या भावानं रुखवतातली पितळी परात उचलली, उलथणं घेतलं आणि स्वतःच बडवत पुढे निघाला. मान खाली, फेटा कानावर आलेला. त्याच्यामागून जीप वेशीत शिरली.

आम्ही पत्रा सोडवत होतो. अण्णा परातीचा आवाज ऐकत उभे होते. म्हणाले, "ठेका चुकायलाय त्येचा."

दुसऱ्या दिवशी गावच्या गिरणीनं आमची ज्वारी घेतली नाही. रानातलं कामही बंद झालं. हे होणार हे आम्हाला ठाऊक होतंच, त्याचं मला नवल वाटलं नाही. अण्णांनी पोतं डोक्यावर घेतलं आणि पेडगावच्या गिरणीकडे निघाले, मी बरोबर. वाटेत मी विचारलं, "अण्णा, तुम्ही चांगलं वाजवायचात का हो?"

"माझ्यासारकं ह्या भागात कुणी वाजवत नव्हतं."

"मग आवडत असेल तुम्हाला."

"लय आवडायचं. रातीला झोपंत बी बोटं हलायची." त्यांनी डोक्यावरचं पोतं नीट केलं. मग म्हणाले, "म्हणून तर फोडलं. घरात ऱ्हायलं असतं तर कुणी तरी बोलावलं असतं, अन म्या गेलो असतो."