तरोट्याच्या भाजीसमोरचं कार्ड

कॉलेजात असताना माझ्याकडे एक शंभर पानी वही होती. नांदेडच्या लायब्ररीतल्या जाड डिक्शनरीतून मी तिच्यात इंग्रजी विशेषणं उतरवून घ्यायचो. एक पान माणसाच्या स्वभावाचं, एक हवामानाचं, एक चांगल्या जेवणाचं. जेवणाच्या पानावर एकवीस शब्द होते. टेस्टी, डिलिशस, क्रिस्प, होलसम, अ‍ॅपेटायझिंग. बाकीचे आता आठवत नाहीत.

नायगावला आमच्या घरी जेवणाला चांगलं म्हणायची पद्धत नव्हती. वडील रिकामं ताट पुढे सरकवायचे, त्यावरून आईला कळायचं. फारच झालं तर "बरं हाय." जेवताना तारीफ करणं हावरटपणाचं वाटायचं. म्हणून ते एकवीस शब्द मी कधी कुणासमोर उच्चारले नव्हते. ते वापरायची वेळ एकदाच आली. ती हकिकत मी बायकोलाही सांगितलेली नाही.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि तिथल्या एका नव्या ऑफिसात मला क्लार्कची नोकरी लागली. ऑफिस भाड्याच्या तीन खोल्यांत होतं. जुन्या जिल्ह्यातून पोत्यांत भरून आलेल्या फायली भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि आम्ही त्यांच्यावरच बसून डबे खायचो. त्या वर्षी पाऊस दोन-तीन सरी येऊन थांबला तो थांबलाच. मुरुडच्या पुढच्या काही गावांत सुकडीची केंद्रं चालू होती. सुकडी म्हणजे भरड पीठ, गूळ आणि तेल एकत्र भाजून केलेला खाऊ. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना रोज एक वाटी मिळायची. त्यातल्या एका गावचं केंद्र चालू ठेवायचं की नाही, हे ठरवायला बाहेरून एक पाहणी पथक येणार होतं. लोक रोज काय खातात ते बघून पथक अहवाल देणार होतं.

बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, मला बोलावलं. "इंग्लिशवाले, इकडं या. गावातलं रोजचं जेवण पथकाला वाढायचंय. दर पदार्थासमोर इंग्रजीत कार्ड लावा. सायबांचा हुकूम हाय."

"काय लिहायचं?"

"मला इंग्रजी आलं असतं तर तुम्हाला कशाला पोसलं असतं? लिहा फर्मास. नवा जिल्हा हाय, इज्जतीचा सवाल हाय."

बडे बाबूंवर मी ढकलत नाही. ते असं प्रत्येक कामाला म्हणायचे.

पथकाच्या आधी दोन तास मी जीपने गावात पोचलो. शाळेच्या मागे एक बाई स्वयंपाक करत होती. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. केंद्रावरची सुकडी तीच करायची आणि त्या कामावरच तिचं घर चालायचं. रेशनच्या लाल ज्वारीच्या भाकरी झाल्या होत्या. कढईत तरोटा होता, दुसऱ्या पातेल्यात घोळीची भाजी. पडीक रानात, बांधावर आपोआप उगवणारा हा पाला. बरं असतं तेव्हा लोक तो आवडीने एखाद्या दिवशी खातात. त्या वर्षी रोज खात होते, तेलाशिवाय, नुसता मीठ टाकून उकडलेला.

पण कढईत तेल सुटलं होतं. लसणाचा वास येत होता. वरून शेंगदाण्याचं कूट घातलेलं होतं.

"अक्का, तेल कुठलं?"

"गावचं. घरटी एक चमचा मागितला. शेंगदाणं बी तसंच. कुणी न्हाई म्हणलं न्हाई."

"पण रोज तर नुसती उकडून खाता ना?"

"आमचं सोडा भाऊ. पाव्हण्याच्या ताटात तसली वाढू व्हय? तुमच्या गावात वाढतेत काय?"

"न्हाई," मी म्हणालो. आमच्याकडेही वाढत नाहीत.

तिथे मी बोलायला हवं होतं. अक्का, आज पाहुणचार नको, रोज खाता तसंच वाढा, यावर सुकडी ठरणार आहे. एवढं वाक्य मला येत होतं. तिने पळीभर भाजी भाकरीवर घालून माझ्यासमोर धरली. "मीठ बघा जरा."

मी खाल्ली. सहा महिने मेसचं पाणचट वरण खात होतो. भाजी फार चांगली झाली होती. मी अजून एक घास मागून घेतला.

मग शाळेच्या ओट्यावर बसून कार्डं लिहिली. तरोट्यासाठी आधी मी फक्त "जंगली पाला, टंचाईत खातात" असं इंग्रजीत लिहिलं. ते कार्ड फार गरीब दिसलं. मला वही आठवली. ते कार्ड फाडून मी दुसरं घेतलं आणि लिहिलं: डिलिशस अँड होलसम. घोळीला अ‍ॅपेटायझिंग दिलं. भाकरीला क्रिस्प. अक्षर सुंदर आलं होतं. खरंच सांगतो, मला त्या वेळी आनंद झाला होता.

पथक आलं, जेवायला बसलं. प्रमुख साहेब उंच, मऊ बोलणारे होते. कार्ड वाचून त्यांनी घास घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. भाजी दोनदा मागितली. मग मला इंग्रजीत म्हणाले, बाईंना विचारा, ही भाजी तुम्ही रोज खाता का?

मी विचारलं. अक्का पदर सावरून म्हणाली, "हाव, रोज हीच. दुसरं काय हाय?"

मी इंग्रजीत म्हणालो, येस सर, एव्हरी डे.

तिने खरंच सांगितलं होतं. मीही खरंच सांगितलं. फक्त तेलाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावाने घरटी चमचा मागून पाहुण्यांना जेवू घातलं, हे उघडं पडलं असतं. अक्का तिथेच उभी होती. तिला लाजवायचं माझ्या जिवावर आलं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. माझं कार्ड खोटं पडलं असतं, हेही होतं. यातलं कोणतं जास्त होतं ते मला आजही ठरवता येत नाही.

जाताना साहेबांनी कार्डं गोळा करून फायलीत ठेवली.

दीड महिन्याने अहवाल आला. त्याची नक्कल टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं. गावाबद्दल चार ओळी होत्या. स्थानिक आहार होलसम आढळला, सबब केंद्राची गरज दिसत नाही. कार्डावर लिहिलेला होलसम हा शब्द आता माझ्याच बोटांनी टाइप केला. तीन प्रती, मध्ये कार्बन. मला काही वाटलं नाही. बडे बाबूंनी त्या सहीला नेल्या. मी डबा उघडून जेवलो.

हुकूम घेऊन गावात शिपाई गेला. मी गेलो नाही.

त्यानंतर अक्का मला मुरुडच्या बाजारात भेटली. तिनेच ओळखलं. केंद्र बंद झाल्यावर ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"लेकरं कशी आहेत गावातली?" मी विचारलं.

"हायेत. केंद्र दुसऱ्या गावाला दिलं म्हणत्यात. त्यांची बी लेकरंच की." मग तिने विचारलं, "भाऊ, सायबाला जेवण आवडलं व्हतं न्हवं?"

"हाव. लई आवडलं."

"मला वाटलंच. दोन डाव मागून घेतली." ती हसली. "ते परत येणार असतेल तर चार दिस आधी कळवा. मागल्या खेपंला तेल कमी पडलं मला. या खेपंला घरटी दोन चमचं मागते."

मी म्हणालो, कळवतो.