पानमळ्यातली बाटली

जनूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाम गावातल्या माझ्या घरी ओट्यावर बसून दाढी करत होतो. खोटं कशाला सांगू, पहिली आठवण झाली ती त्यांची नव्हे, बाटलीची. ‘अरे, ती तशीच राहिली की!’ असं साबण लावलेल्या तोंडानं मोठ्यांदा म्हणालो आणि मग मात्र स्वतःचीच लाज वाटली. माणूस गेला, आणि मला दारू आठवते... त्याला आता दोन महिने होत आले. ज्या घोटासाठी माणूस इतकी वर्षं थांबला, तो ओठांना न लागताच दादा गेले, ही खरी बोच होती. त्या बोचेची आणि ती कशी निघाली त्याचीच ही गोष्ट.

दादा आणि मी बोईसरच्या एकाच कारखान्यात होतो. ते हुद्द्यानं फिटर, पण हाडानं केळव्याचे वाडीवाले. पहाटे पानमळ्यात पानं खुडायची आणि मग मोटारसायकलवरून पाळी गाठायची. त्यांच्या अंगाला अर्धा वास ग्रीसचा आणि अर्धा पानाचा यायचा. वीसेक वर्षांपूर्वी एक यंत्र बसवायला फ्रान्सहून ल्यूक नावाचा इंजिनियर आला. तीन आठवडे त्यानं आमच्या डब्यातलं सुकं बोंबलाचं कालवण मिटक्या मारत खाल्लं, म्हणून एका रविवारी दादांनी त्याला वाडी दाखवायला नेलं. पानमळ्यात चपला घालून जायचं नाही हा आमच्याकडचा कडक नियम. वेल विटाळतो म्हणतात. दादा त्याला हे कसं सांगायचं या विचारात, तोवर हा बाबा बांधावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. आत गेल्यावर त्यानं शेवरीवर चढलेले वेल मान वर करून पाहिले, चिमूटभर माती उचलली, हुंगली. मग कळलं की बोर्डोच्या बाजूला नदीकाठी त्याच्या घरची द्राक्षांची मोठी वाडी आहे. आजोबांनी लावलेले वेल, जमीन सगळी गोट्यांची, घराखाली तळघरात लाकडी पिंपांतून लाल वाइन मुरत पडलेली. प्रत्येक ओळीच्या टोकाला गुलाबाचं एक झाड, कारण रोग आला की आधी गुलाबावर दिसतो. दादांनी त्याला आमची उतरण दाखवली. वेल फार उंच गेला की सोडवून खाली घ्यायचा, जुनं खोड बुंध्याशी गुंडाळून मातीत पुरायचं, म्हणजे तो नव्यानं जोर धरतो. एकाला इंग्रजी जेमतेम, दुसऱ्याला त्याहून कमी. दुभाषा मी, आणि तीन तास डासांनी फोडून काढला तोही मीच.

पुढच्या वर्षी त्याच्याच कंपनीतल्या एका माणसाबरोबर ल्यूकनं बाटली धाडली. लेबलवर त्या घराचं रेघांनी काढलेलं चित्र, सोबत चिठ्ठी: अंधारात, थंडाव्याला, आडवी ठेवा, निदान दहा वर्षं उघडू नका, मग एखादा चांगला दिवस बघून प्या. मी वाचून दाखवल्यावर दादा म्हणाले, “दहा वर्सं? आमचं पान तर आठवड्यात काळं पडतं.” पण ठेवायची कुठं? दादांच्या बायकोचे, म्हणजे सुमनवहिनींचे, वडील दारूपायी गेलेले. त्या घरात बाटलीचं नाव काढायची सोय नव्हती. शेवटी दादांनी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून पानमळ्याच्या कोपऱ्यात, तिसऱ्या वेलाच्या बुंध्याशी पुरली. “दादा, चपलेला बंदी आणि दारूला मोकळीक?” मी चिडवलं. ते गंभीरपणे म्हणाले, “दिनू, ही दारू नाय. ही वेलाची लेक हाय. वेलात नाय ठेवायची तर कुठं ठेवायची?” मग हातावर हात मारून शब्द दिला, की उघडायची ती आपण दोघांनीच.

दहा वर्षं झाली, पंधरा झाली. मुलाचं लग्न झालं, दादा निवृत्त झाले, नातू झाला. दर वेळी मी विचारायचो आणि दर वेळी ते म्हणायचे, “अजून तो दिस नाय आला.” मला राग यायचा. माझीही जीभ चाळवलेली होती, ते कबूल करतो. पण गेली दोन वर्षं मी विचारलं की ते नुसते हसून विषय बदलत, तेव्हा वाटायचं, ह्या माणसानं आशाच सोडली.

दादा गेल्याच्या चौदाव्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, मी बांधावर चपला काढल्या आणि खुरपं घेऊन कोपऱ्यात बसलो. बाटली निघाली असती तर काय केलं असतं, मलाच ठाऊक नाही. बहुधा वेलाच्या मुळाशी ओतली असती. पण निघालं फक्त फाटकं प्लास्टिक. हातभर उकरलं, घाम फुटला. तेवढ्यात मागून आवाज आला, “भाऊजी, ती तिथं नाय.” वहिनी उभ्या होत्या. मी खुरपं लपवलं, अगदी चोर पकडावा तसा. “आज इतकी वर्सं ह्यांच्यासंगं मीपण पानं खुडते,” त्या म्हणाल्या. “मला नाय कळणार, खाली काय हाय ते?”

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत गाठ निघाली होती. दादांनी कुणाला कळू दिलं नाही, मुलालाही नाही. मुंबईला फेऱ्या मारल्या, तुकडा तपासायला दिला आणि नऊ दिवस हा माणूस जेवला नाही. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे. “घरी आलो तर हे पडवीत बसून रडाय लागले. लहान पोरासारखे. मीच म्हटलं, उठा, ती बाटली काढा. ह्याच्यापेक्षा चांगला दिस कोणता येणार हाय?” बूच काही निघेना, ते स्क्रूड्रायव्हरनं आत ढकललं. स्टीलच्या पेल्यांतून दोघं प्याले. वहिनींनी जन्मात पहिल्यांदा, दोन घोट. “आदी तोंड आवळलं. मग जांभूळ खाल्ल्यावर राहतं ना तोंडात, तसं काय काय येत राहिलं. हे डोळे मिटून बसले नि म्हणाले, लूकला वेल कळतो.”

मला इतकं हलकं वाटलं की तिथंच मातीत फतकल मारून बसलो. म्हणजे ते वाट बघत गेले नव्हते. दिवस आला होता, आणि काय दिवस आला होता! मग लगेच, मनुष्यस्वभाव, मी म्हणालो, “आणि मला दिलेला शब्द?”

“तुमचा वाटा ठेवला होता की,” वहिनी म्हणाल्या. “खोकल्याच्या बाटलीत. तुमचं नाव चिकटवलं होतं वर. पण गाठीचं सांगितल्याबिगर ती देणार कशी? म्हणून राहून गेली, आंबून शिर्का झाली. शेवटी मी कोलंबीच्या लोणच्यात घातली.”

स्वयंपाकघराच्या खिडकीत ल्यूकची ती रिकामी बाटली आता उभी आहे. लेबलवरचं घर केव्हाच मातीत विरघळलंय. तिच्यात पाणी घालून दादांनी खोचलेलं पानवेलीचं फाटं आहे, त्याला पांढरी मुळं सुटलीत. तिच्यासमोरच्याच पाटावर मी गेल्या गणपतीत जेवायला बसलो होतो. दोनदा मागून घेतलं होतं ते लोणचं, आणि वर म्हणालो होतो, “वहिनी, यंदा चव काही निराळीच आहे, एकदम साहेबी.” दादा ताटावरून उठून घाईघाईनं पडवीत गेले होते आणि खांबाला धरून कितीतरी वेळ खोकत होते... मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं धावलो होतो, आणि डोळे पुसत ते मला हातानंच ‘काही नाही, काही नाही’ म्हणत होते.