गुरुजींची नक्कल

आईला शनिवारच्या नकलांना घेऊन जायचं मी ठरवलं, तेव्हा वडिलांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. आम्ही संगमनेरला काकांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि घरात त्यांचा शब्द चाले.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला लोकांचे आवाज लागलेले असायचे. म्हणूनच बहुधा शनिवारच्या त्या बैठकीचं मला वेड लागलं. आमचे ब्लाउज शिवणाऱ्या शिंपीकाकांनी ती दुष्काळाच्या वर्षात सुरू केली होती. तेव्हा जत्रा झाल्या नाहीत, तमाशाचे फड इकडं फिरकले नाहीत आणि संध्याकाळी माणसं नुसती ओट्यावर बसून आभाळाकडं बघायची. शिंपीकाकांनी वाचनालयाचा वरचा हॉल मागून घेतला. शनिवारी दिवेलागणीला सतरंज्या अंथरायच्या, पुढं एक लाकडी स्टूल ठेवायचं, आणि ज्याच्या अंगात काही असेल त्यानं उठून उभं राहायचं. माणूस रटाळ झाला की शिंपीकाका हातातली मोठी कात्री कचकच वाजवायचे. मग तो निमूट खाली बसायचा.

एक कंपाउंडर पेशंटांच्या नकला करायचा. एक दुधाची गाडी चालवणारा गडी म्हशींचे स्वभाव सांगायचा. कुणी नवा उभा राहिला की मी सरसावून बसायचे. हा माणूस आता हसवणार की हसं करून घेणार, या धास्तीतच अर्धी मजा होती. बायका पाच-सहाच असायच्या, खिडकीकडच्या बाजूला. घरी मी एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीकडं जाते असं सांगायचे.

आई मात्र तेव्हा बोलायचीच बंद झाली होती. जेवायला वाढ म्हटलं तर वाढायची, झोप म्हटलं तर आडवी व्हायची. वडील गेल्यापासून ती रडलीही नव्हती. शेवटी एका शनिवारी मी तिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर. तासभर बसून येऊ."

काकांनी ते ऐकलं. दारात येऊन उभे राहिले.

"कुठं चाललात वहिनी?"

आईनं पदर खांद्यावर घेतला. मीच खरं काय ते सांगितलं.

"वर्ष झालं नाही अजून," काका म्हणाले. "गाव काय म्हणेल? मास्तरांची बायको खिदळायला गेली म्हणेल."

मला वाटलं आई परत आत जाईल. तिनं पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "भाऊजी, आम्ही लवकर येतो." काका बाजूला झाले, पण त्यांनी ज्या तऱ्हेनं धोतराचा सोगा झटकला, त्यावरून हे इथं संपणार नाही हे मला कळलं.

हॉलमध्ये शिरताच माणसांच्या माना वळल्या. दोघी-तिघी बायका कुजबुजल्या. आम्ही भिंतीला टेकून बसलो. कंपाउंडर झाला, म्हशीवाला झाला. लोक हसत होते आणि आई समोरच्या स्टुलाकडं टक लावून बसली होती. मला पश्चात्ताप व्हायला लागला.

मग शिंपीकाकांनी एक नवा माणूस पुढं केला. पंचविशीतला, सावळा, अंगात एसटीची खाकी. नुकताच संगमनेर डेपोला लागलेला कंडक्टर. आधी त्यानं गाडीतल्या म्हातारीची नक्कल केली. "बाबा, माझं निम्मं अंग वाऱ्यानं गेलंय, निम्मंच तिकीट दे." हॉल हसला. त्याची भीड चेपली. तो म्हणाला, "आता आमच्या डोंगरातल्या शाळंचं दावतो. अकोल्याच्या पल्याड आमचं गाव. तितं आमचं एक गुर्जी हुते."

अकोल्याच्या पल्याड म्हटल्यावर माझे कान टवकारले. वडिलांची मास्तरकीची सगळी नोकरी त्याच बाजूला, अकोले तालुक्यातल्या डोंगरात झाली होती. माझ्या शिक्षणासाठी आई आणि मी संगमनेरला, ते तिकडं एका खोलीत एकटे. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. पण त्या भागात शाळा पुष्कळ होत्या. गुरुजीही पुष्कळ.

कंडक्टरनं दोन्ही हातांनी डोक्यावरची नसलेली टोपी नीट केली. आधी पुढून, मग मागून.

वडील टोपी अशीच नीट करायचे.

"मुलांनो," तो स्वच्छ, सावकाश आवाजात म्हणाला, "पुण्याहून एक आगगाडी मनमाडला निघाली. ती दौंड स्टेशनात शिरली आणि तिथून..." आणि तो खोकायला लागला. कोरडा, खोल, खांदे उचलून येणारा खोकला. खोकता खोकता त्यानं उजव्या हाताचं एक बोट वर केलं. थांबा, असं. बराच वेळ खोकून झाल्यावर बोट खाली घेतलं आणि अडलं होतं त्याच शब्दापासून पुढं गेला, "तिथून ती निघणार, तोच..." की पुन्हा खोकला, पुन्हा बोट.

"आमच्या गावात कोनी आगगाडी बगितलेली न्हाई," तो मधेच स्वतःच्या आवाजात म्हणाला. "आमाला वाटायचं गाडी आशीच चालती. थोडी चालती, मग खोकती, मग बोट वर करती."

हॉलभर हशा उसळला. माणसं मांड्यांवर थापा मारत होती. आईनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतत होती.

ते बोट मी ओळखत होते. आजारपणात वडील असंच बोट वर करायचे. शेवटच्या दुपारी मला काहीतरी सांगायला लागले, खोकला आला, बोट वर केलं. मी थांबले. पुढचा शब्द आलाच नाही.

मी उठायला लागले. आईनं मला खाली ओढलं. तिच्याकडं बघायची माझी हिंमत होईना. समोर तो बिचारा रंगात आला होता. प्रत्येक खोकल्याला लोक आणखी हसत होते, म्हणून तो आणखी खोकत होता. हे थांबावं असं वाटत होतं आणि थांबवायचं कसं ते सुचत नव्हतं. शिंपीकाका आम्हाला ओळखत, पण वडिलांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. तेही डोळे पुसत हसत होते.

जिन्यावर पावलं वाजली. दारात काका. आम्हाला न्यायला आले होते. आधी त्यांची नजर आम्हाला शोधत फिरली, मग समोर गेली. कंडक्टरनं नुकतंच बोट वर केलं होतं. काकांचा चेहरा पांढरा पडला.

"ए, बंद कर!" ते ओरडले. "माझा भाऊ आहे तो! मेलाय तो!"

हसणं एका जागी न थांबता ठिकठिकाणी थांबत गेलं. मागं कुणीतरी एकटाच अजून हसत होता, त्याला शेजाऱ्यानं ढोसलं.  कंडक्टरचं बोट तसंच वर होतं. ते खाली घ्यावं हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"गुर्जी?" तो म्हणाला. "कवा?"

 काका सतरंजी तुडवत आमच्याकडं आले. "वहिनी, उठा."

"भाऊजी, बसा जरा," आई म्हणाली. कित्येक महिन्यांत तिचा आवाज इतका स्पष्ट ऐकला नव्हता. ती कंडक्टरकडं बघत होती. "तू त्यांच्या शाळेतला का?"

"व्हय."

"शाळा सोडून किती वर्षं झाली?"

"धा-अकरा झाली आसतील, बाई."

"आणि तेव्हाही ते असे खोकायचे?"

त्यानं खाली बघितलं. "मी पाचवीत हुतो तवापासून."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. आम्हाला तो खोकला ठाऊक होता फक्त शेवटच्या हिवाळ्यापासूनचा. नाशिकच्या डॉक्टरांनी "फार उशीर केलात" म्हटलं, तेव्हा आई त्यांच्याशी भांडली होती, की अहो, महिन्याभरातच तर आणलंय.

"गाडी दौंडला राहिलीय," आई त्याला म्हणाली. "पुढं काय व्हायचं ते सांग."

"न्हाई जमायचं, बाई."

"सांग."

काका उभेच होते. शिंपीकाकांनी कात्री मांडीखाली सरकवली. कंडक्टरनं ओठ पुसले. नक्कल न करता, नुसतं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"मंग घंटा व्हायची. गुर्जी टोपी नीट करायचे अन् म्हनायचे, 'मुलांनो, गाडीला उशीर झाला आहे. प्रवाशांनी घरी जाऊन जेवून घ्यावं.'"

कुणी हसलं नाही.

"असं म्हणायचे?" आईनं विचारलं.

"व्हय. रोज काय ना काय. आमी लई हसायचो. गुर्जी पन हसायचे, मंग परत खोकला यायचा."

"घरी नाही कधी असं बोलले," आई म्हणाली आणि उठली.

घरी जाताना काका पुढं, आम्ही मागं.  दार लावल्याबरोबर काका कडाडले, की त्या हॉलची पायरी पुन्हा चढायची नाही, आणि त्या कंडक्टरला मी डेपोत जाऊन जाब विचारतो. आई ऐकत होती. मग ती एकदम म्हणाली, "त्याला काय जाब विचारता? ज्यांना विचारायचा ते निघून गेले!"

आणि ती रडली. दुःखानं म्हणावं तर तसं नव्हतं. संतापानं रडली. सहा दिवस तिकडं खोकायचे आणि इथं येऊन खोकला गिळून बसायचे! तोंडात सदा लवंग का असायची, रविवारी उजाडायच्या आत एकटेच प्रवरा नदीवर फिरायला का जायचे, रात्री ओट्यावर का झोपायचे, एकेक गोष्ट तिला आठवत होती आणि प्रत्येक आठवणीला ती त्यांना बोल लावत होती. "मला सांगायला काय झालं होतं? काय झालं होतं सांगायला?" काकांनी खुंटीवरची टोपी घेतली, पुन्हा अडकवली आणि आपल्या खोलीत निघून गेले. मी आईजवळ बसून राहिले. तिला थोपटायचंही सुचलं नाही. मी स्वतःच त्यांच्यावर चिडले होते.

पुढच्या आठवड्यात आईनं मला रजा टाकायला लावली. आम्ही स्टँडवर जाऊन त्या कंडक्टरची ड्यूटी कोणत्या गाडीवर आहे ते विचारलं आणि तीच अकोल्याची गाडी धरली. आम्हाला बघून तो गाडीच्या दारातच थबकला. त्याला वाटलं, काहीतरी तक्रार घेऊन आलोय.

"तुला काही बोलायला आले नाही," आई म्हणाली. "शाळेत ते कसे असायचे, एवढं सांग."

गर्दी होती. तो तिकिटं फाडत पुढं जायचा, परत येऊन आमच्या बाकाच्या दांडीला धरून उभा राहायचा आणि जिथं सोडलं तिथून सांगायचा. गुरुजी पावसात पोरांना एका घोंगड्याखाली कसे चालवायचे. भात लावणीच्या दिवसांत शाळा रिकामी पडली की खाचराच्या बांधावर उभं राहून पाढे कसे म्हणवून घ्यायचे. आई मधेच विचारायची, "आणि जेवायचे कुठं?" "औषध कुणाकडून घ्यायचे?"

हा शेवटचा प्रश्न ऐकून तो दाराकडं गेला. घंटीची दोरी ओढून त्यानं कुणालातरी उतरवलं, मग परत आला.

"आमच्या बापानं एकदा त्यास्नी म्हनलं हुतं, गुर्जी, मोठ्या दवाखान्यात जावा. तर गुर्जी म्हनले, गेलो की ते मला ठेवून घेतील. पोरगी मॅट्रिक होऊ दे."

पोरगी म्हणजे मी. मी मॅट्रिक होऊन तोवर चार वर्षं झाली होती. आईनं खिडकीकडं तोंड फिरवलं. मी समोरच्या माणसाच्या पाठीवरचं गाठोडं बघत राहिले. अकोलं आलं, लोक उतरले, नवे चढले. आम्ही त्या गावापर्यंत गेलो नाही. आई म्हणाली, "इथूनच परत जाऊ." परतीच्या वाटेवर ती माझा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली होती.

वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी काका कुठूनसे घामाघूम होऊन आले. आईला म्हणाले, "डेपोवर जाऊन आलो." जाब विचारूनच आले, असं आम्हाला वाटलं. मग ते खाली बघत म्हणाले, "त्या पोराला श्राद्धाला जेवायला बोलावलंय."

तो आला. धुतलेला पांढरा सदरा घालून, अंग चोरून बसला. काकांनी स्वतः त्याला वाढलं. पंगत उठल्यावर नातेवाइकांत कुणालातरी माहीत होतंच. "अरे, तू गुरुजींची नक्कल करतोस म्हणे. दाखव की."  त्यानं आईकडं बघितलं.

"कर," आई म्हणाली. "फक्त खोकला नको."

तो उभा राहिला. टोपी नीट केली. आगगाडी पुण्याहून निघाली, दौंडला शिरली, आणि तिथून कुठंही न थांबता सरळ पुढं जायला लागली. त्याला ते जमेना. आवाज वडिलांचाच होता, पण माणूस तो नव्हता. दोन वाक्यांनंतर तो थांबला.

"असं न्हाई हुत, बाई."

"मग राहू दे," आई म्हणाली आणि त्याच्यासाठी विडा आणायला आत गेली.

पुढं त्याची नेवाशाला बदली झाली. जाईपर्यंत तो शनिवारी येऊन म्हाताऱ्यांच्या, ड्रायव्हरच्या, डेपोच्या साहेबाच्या नकला करायचा. आई यायची. काकांनी पुन्हा कधी अडवलं नाही. गुरुजींची नक्कल मात्र त्यानं केली नाही, आणि कुणी मागितलीही नाही.