शेजारचा तारा

कुरामोचीसान समोरची सोबा, म्हणजे शेवयांचा वाडगा, गार करत बसले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. एकोणीस वर्षं मी या डोंगरावरच्या वेधशाळेत रांधतेय. या माणसाने वाडग्यात कांद्याची पातसुद्धा कधी सोडली नव्हती.

"काकू, मिसावासान लेख किती वाजता पाठवणार?"

"पाचला. सकाळी तुम्हीच सांगितलंत की!"

सव्वातीन झाले होते.

कुरामोचीसान इथली दुर्बीण चालवतात. ज्यांच्या पोटात सतत काहीतरी धगधगतं अशा आकाशगंगा कधी उजळतात, कधी मंदावतात. ते वर्षानुवर्षं टिपून ठेवायचं, हे इथलं काम. उजेड मोजायचा तो शेजारच्या एखाद्या ताऱ्याशी ताडून. मिसावासान या इथल्या संशोधक; त्यांच्या आकाशगंगेसाठी तो तारा अकरा वर्षांपूर्वी कुरामोचीसाननीच निवडला होता. ती आकाशगंगा तेव्हापासून सारखी उजळतेय, हा मिसावासानचा शोध. त्यांचा करार मार्चमध्ये संपत होता. लेख छापून आला तरच नोकरी टिकणार होती.

कुरामोचीसान दर वेळी आणखी एक तारा मोजायचे, कुणी न सांगता. त्यात चार मिनिटं जास्त जायची. "झालं का देवदर्शन?" म्हणून सगळे चिडवायचे. आज त्यांनी सहज त्या दुसऱ्या ताऱ्याचे जुने आकडे आपल्या ताऱ्याशी जुळवून पाहिले होते.

"आकाशगंगा उजळत नाहीये, काकू. माझा तारा मंदावतोय."

मला त्यांचा रागच आला. "मग गप्प बसा! कुणाला कळणार आहे?"

"वह्या आहेत ना. माझ्याच अक्षरातल्या."

साडेचारला ते वर मिसावासानकडे गेले. मी मागोमाग चहा घेऊन गेले. खरं तर ऐकायलाच. वह्या टेबलावर ठेवून ते माफी मागायला कमरेत वाकले ते वाकलेलेच राहिले. मिसावासान पानं उलटत होत्या. पाचला दहा कमी होते.

"म्हणजे माझ्या आकाशगंगेने काहीच केलं नाही?"

"इतरांसारखी कमीजास्त होत राहिली. तेवढंच."

"चूक तुमची आणि नोकरी जाणार माझी."

"हो."

दार आपटून त्या निघून गेल्या. पाच वाजले. लेख गेला नाही.

सूर्य मावळल्यावर घुमट उघडला, तेव्हा मी रात्रीचा चहा घेऊन तिथेच होते. कुरामोचीसान वही पुढ्यात घेऊन बसले होते, ताऱ्याचा रकाना कोरा. मिसावासान जाड कोट घालून आल्या. डोळे सुजलेले.

"आजपासून कुठला तारा धरायचा?"

कुरामोचीसाननी पेन पुढे केलं. "तुम्ही निवडा. माझ्या निवडीवर माझाच विश्वास उरला नाही."

मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

मिसावासान बराच वेळ ताऱ्यांचा नकाशा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकावर नको. तीन धरू. आणि तुमचं देवदर्शन चालू ठेवा."