नव्वदच्या वरचं तेल

भूकंपानंतर मदतीची पोती वाहून दमलेली एक जीप मी नांदेडहून विकत घेतली. तेव्हा मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. त्यामुळं यंत्रातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत. जीपचा गिअरबॉक्स असा घरघरायचा, की घरमालकीण आधी मांडणीवरच्या भांड्यांकडं बघायची आणि मग मला शिव्या घालायची.

डिसेंबरात मेव्हण्याचं लग्न निघालं, कंधारला. बायको करवली. अक्षता पडताना भावामागं दिवा घेऊन तिनंच उभं राहायचं.

"एसटीनं जाऊ," ती म्हणाली.

"घरची गाडी असताना?"

मग प्रश्न आला गिअरच्या तेलाचा. बदलावं की राहू द्यावं? क्लासमधले केमिस्ट्रीचे सर म्हणाले, "हात लावू नका. जुन्या तेलावरच तर ते गिअर टिकून हायत." जीप विकणाऱ्या नांदेडच्या मिस्त्रीचाचांना फोन केला. "मास्तर, नब्बे नंबर का डालो. बस! ज्यादा दिमाग मत लगाओ."

नव्वद! माझ्या वर्गात नव्वद मार्कवाल्याची आई 'नव्वदच पडले' म्हणून पदरानं डोळे पुसायची. दुकानात जाऊन विचारलं, "नव्वदच्या वरचं काही?"

"एकशेचाळीस हाय की. पण लई घट्ट असतंय सर. ट्रकवाले नेतेत."

"द्या."

लग्नाच्या सकाळी कडाक्याची थंडी. गिअरबॉक्समध्ये तेलाची पार काकवी झालेली. पहिला गिअर पडेना. दोन्ही हातांनी दांडा ओढला तेव्हा कसाबसा दुसरा पडला, आणि मी ठरवलं, आता कंधारपर्यंत ह्याला शिवायचं नाही. तासाभरात तेल तापून पातळ होतं, हे चाचांनी नंतर सांगितलं. मी ते वर्गात दरवर्षी शिकवायचो.

एक सायकलवाला बराच वेळ आमच्या सोबतीनं चालला. विचारपूस करून पुढं निघून गेला. चाकूरच्या स्टँडवर कंधारची एसटी उभी दिसली.

"थांबवा."

"अगं, थांबवली तर परत गिअर..."

"मग चालवत ऱ्हावा," म्हणून ती शालू खोचून चालत्या जीपमधनं उतरली. उतरायला काही अडचण आली नाही. वेगच तेवढा होता.

मी पोचलो तेव्हा मांडववाले कनाती सोडत होते. अक्षता कधीच पडल्या होत्या. दिवा धरायला ती वेळेवर पोचली होती. मी हळूच मागून शिरलो, तर सासूबाईंचा आवाज आला, "अगं, जावई दिसंनात सकाळधरनं?"

"गाडी लावायला गेलेत," बायको शांतपणे म्हणाली. दिवसभर विचारणाऱ्या प्रत्येकाला तिनं हेच सांगितलं होतं.

"लई जपून लावतेत बाई," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.