कोलंबीच्या विक्रमाची साक्ष

माझ्या नातीला कोलंबी सोलण्याचा जागतिक विक्रम करायचा होता आणि त्यासाठी हॉल पाहिजे होता. माझं डोकं तिथूनच फिरलं.

मुलगी रोडपालीला दिली आहे. जावई न्हावा शेवाला ट्रेलर चालवतो. त्यांच्या सोसायटीत खाली हॉल आहे, तिथे बारशी होतात, वाढदिवस होतात. जावयानं विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, विक्रम जरूर करा, आम्हाला अभिमानच आहे, पण मासळीचा वास हॉलमध्ये नको. दुसरं काहीतरी सोला. म्हणजे काय, मटार? मी जावयाला म्हटलं, त्या माणसाच्या घरी रविवारी काय शिजतं ते विचारून ये. तो काही गेला नाही. जावई मवाळ आहे.

पोरीला हे कशाला पाहिजे होतं तेही सांगतो. कॉलेजात शेजारी बसणारी एक मुलगी नाक धरून उठली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. त्या सकाळी माझी नात आईबरोबर कोलंबी सोलून गेली होती. साबणानं हात धुऊन गेली होती, पण बोटांचा वास एका धुण्यात जात नाही. तेव्हापासून वर्गात तिला एक नाव पडलं. ते मी लिहिणार नाही. पोर रडली नाही. फोनवर शोधत बसली आणि तिला सापडलं की कोलंबी सोलण्याचासुद्धा जागतिक विक्रम असतो आणि तो कुणा परदेशी माणसाच्या नावावर आहे. आजोबा, त्याच्यापेक्षा माझा हात चालतो, म्हणाली. चालतोच. तिचा हात धरून माझ्या बायकोनं शिकवलंय, आमच्या ओट्यावर. बायको आता नाही. पण हात तोच आहे.

मला वाटलं होतं, विक्रम म्हणजे कोणी साहेब येणार, बघणार, पाठ थोपटणार. तसं काही नाही. साहेब पाहिजे तर त्याचं विमान, त्याचं राहणं, त्याची फी, सगळं आपल्या खिशातून. नाहीतर पुरावा आपणच गोळा करायचा, पाठवायचा आणि महिनोन्‌महिने वाट बघत बसायची. उत्तर लवकर पाहिजे असेल तर पुन्हा पैसे. आणि एवढं करून जगात पहिली आली तर बक्षीस काय, तर कागद. कागदाची चौकट आपण आणायची.

नियम मात्र ढीगभर. शूटिंग एका दमात, मध्ये तोडायचं नाही. तुटलेली कोलंबी धरायची नाही. पाठीतला काळा दोरा राहिला तर तीही बाद. सोललेला माल फेकायचा नाही, माणसांनी खायचा. हा एकच नियम मला पटला. शेवटी दोन साक्षीदार, तिच्या नात्यातले नसलेले.

हॉल मिळेना म्हणून कार्यक्रम आमच्या गावात ठेवला, गव्हाणच्या पुढे. आता आमच्या गावात नात्यात नसलेला माणूस म्हणजे फक्त पोस्टमन. म्हणून साक्षीला बाहेरचे दोघे ठरवले, एक रिटायर मास्तर आणि पनवेलच्या बँकेतली एक बाई.

त्या दिवशी वेगळीच पंचाईत झाली. आमच्याकडे सोलायला बसलेल्या बाईजवळ कोणी रिकाम्या हातानं बसत नाही. ढीग दिसला की येणारी प्रत्येक जण फतकल मारते आणि सोलायला लागते. माझी थोरली बहीण तर शूटिंगवाला येण्याआधीच टोपल्यात हात घालून बसली होती. एकीनंही हात लावला तर सगळं बाद, असं सांगून सांगून पोरगी दमली. शेवटी होडीचा दोर आणून मध्ये बांधला आणि सगळं नातं दोरामागे बसवलं.

तेवढ्यात बँकेतल्या बाईंचा फोन आला. उरण रोडला ट्रेलर आडवा झालाय, गाडी हलत नाही. इकडे बर्फ वितळत होता. जावयाला सुट्टी त्या एका दिवसाचीच. मास्तर म्हणाले, सुरू करा, बाई पोचतील. साक्षीदाराची दुसरी खुर्ची रिकामी दिसायला नको म्हणून तिच्यावर मला बसवलं.

पोरीनं सोलायला घेतलं. मी काय सांगू. बोटं दिसतच नव्हती. मास्तरांनी मोजलं, पुन्हा मोजलं. त्या परदेशी माणसाला तिनं मागे टाकलं होतं. बाया नाचायला लागल्या.

बाई काही आल्या नाहीत. मग शूटिंगवाल्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. पोरीचं आडनाव वेगळं, तुमचं वेगळं, कोण तपासायला येतंय, म्हणाला. मी चष्मा लावून वाचलं. माझा हिच्याशी कोणताही नातेसंबंध नाही. खाली सहीची रेघ.

मी पेन ठेवून दिलं.

"आजोबा, एक सही," नात म्हणाली. "मग कोणी नाक धरणार नाय."

"ही माझी कोण नाय, असा लिवून देऊ?"

"कागदावरच हाय ना, बाबा," मुलगी म्हणाली.

"म्हनूनच नाय."

माझी बहीण दोरामागून बोललीच. "जमीन गेली त्या कागदावर पटकन अंगठा दिलास. आता सही महाग झाली तुजी?"

"तवा वाचता येत नवता," मी म्हटलं. "आता येतो."

विक्रम गेला. कोलंबी शिजवली, नियम होता म्हणून सगळ्यांनी खाल्ली. नातीनं खाल्ली नाही. जाताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि पुढे बरेच दिवस तिचा फोन नाही. मुलगी म्हणाली, तुम्ही हट्टी आहात. आहे. खोटी साक्ष मागणारे शहाणे आणि मी हट्टी.

मग त्या शूटिंगचा तुकडा मोबाइलवर फिरला. रोडपालीतल्या लोकांनी पाहिला आणि सेक्रेटरी स्वतः जावयाच्या दारात आले. हॉल आपलाच आहे, म्हणाले. साक्षीदार कमी पडत असेल तर मी बसतो. वास कुठे गेला होता त्यांचा, देव जाणे.

नातीनं होकार दिला. मी असतो तर दार लावून घेतलं असतं. पण तिला तो कागद पाहिजे होता आणि पहिल्या खेपेला तो माझ्यामुळे गेला होता, म्हणून मी गप्प बसलो. आदल्या दिवशी तिचा फोन आला. "आजोबा, येताना दोर आना. आणि दोराजवळ तुमीच बसा, आजीला आवरायला दुसरा कोन नाय." आजी म्हणजे माझी बहीण.

तर हॉलमध्ये दोर बांधला आणि दोरामागे पहिल्या खुर्चीवर मी बसलो, एका हातानं बहिणीचा पदर धरून. साक्षीदाराच्या खुर्चीत मास्तरांशेजारी सेक्रेटरी, इस्त्रीचा शर्ट घालून. पोरीचा हात त्या दिवशी गावातल्याएवढा चालला नाही, पण परदेशी माणूस मागे पडला.

कागद पुढे आला. सेक्रेटरींनी वाचला नाही, पेन काढलं आणि सही ठोकली. माझा हिच्याशी कोणताही नातेसंबंध नाही. एक शब्द खोटा नव्हता त्यात.

नंतर माल खायचा नियम निघाला तेव्हा त्यांनी डबा मागवला आणि तो भरून घेताना मला विचारलं, "आपण कोण?"

"आजा," मी म्हटलं. "तिचा."